पाटीवरचं अक्षर: ओळख आणि जुळवणी

पाट्या बनवणाऱ्या दुकानात रोज येणारी मागणी एका वाक्याची असते: ‘दादा, जुन्या बोर्डावर आहे तेच अक्षर पाहिजे.’ सोबत व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो असतो. तो रस्त्याच्या पलीकडून, खालून वर बघत काढलेला असतो आणि अर्धी पाटी फांदीमागे गेलेली असते. गिऱ्हाइकाने शेजारचा गाळा घेतलेला असतो, नावापुढे ‘आणि सन्स’ जोडायचं असतं, किंवा दोन पावसाळ्यांत तीन अक्षरं गळून पडलेली असतात. त्याला नवं काही नको असतं. गावाला सवयीची झालेली पाटी तशीच दिसावी, एवढीच त्याची इच्छा असते. ऐकायला सोपी वाटते, पण या धंद्यातली सगळ्यात कसाची मागणी हीच.

फॉन्ट ओळखणं आणि जुळवणं या प्रश्नाबद्दलचं माझं मत आधीच सांगतो. फॉन्टचं नाव शोधणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. खरं काम म्हणजे अक्षर नीट वाचणं, मोजणं आणि गरज पडली तर हाताने काढणं. नाव सापडलं नाही तरी पाटी हुबेहूब जुळवता येते, आणि नाव सापडूनही ती पार बिघडू शकते. देवनागरीच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हा प्रश्न एकदम मोठा झाला, त्याला कारण कायदा. २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि त्यांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असंही त्यात आलं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मुंबईत पाट्या बदलण्याची घाई सुरू झाली. तोवर जुळवणी एकाच लिपीतली होती, म्हणजे जुन्या मराठी अक्षराशेजारी नवं मराठी अक्षर. आता दोन लिपींची जुळवणी आली. दुकानाचं रोमन नाव एका ठरलेल्या ढंगात आहे, तर मराठी नाव त्याला शोभेल असं कुठून आणायचं? मुदत डोक्यावर असताना बहुतेकांनी संगणकात जे आधीपासून होतं ते उचललं. शहरभर त्याचा परिणाम दिसतो. इंग्रजी नाव रेखीव, त्याच्यावर मराठी नाव ताणून रुंद केलेलं, कान्याची जाडी एक आणि शिरोरेषेची दुसरीच. मराठी पाटी आली याचा आनंद आहेच, पण मराठी अक्षराला त्या पाटीवर पाहुण्यासारखं उभं केलेलं बघून वाईट वाटतं.

आधी विचारायचा प्रश्न

रोमन लिपीत फॉन्ट ओळखायची साधनं आता भरपूर आहेत. मायफॉन्ट्सचं व्हॉटदफॉन्ट आहे, फॉन्ट स्क्विरलचं मॅचरेटर आहे, फोटोशॉपमध्ये फॉन्ट जुळवण्याची सोय आहे. स्वच्छ फोटो दिला की चार-पाच नावं पुढे येतात आणि त्यांत बरोबर नाव असण्याची शक्यता चांगली असते. मराठी पाटीचा फोटो दिला की ही साधनं लंगडी पडतात. ती मुळात रोमन फॉन्टच्या साठ्यावर उभी आहेत. शिवाय रोमन अक्षरं सुटी असतात, त्यामुळे एकेक वेगळं काढून तपासता येतं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या शब्दाला बांधून टाकते, वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं. म्हणून मराठी पाटीसाठी अजूनही सगळ्यात भरवशाचं साधन माणसाचा डोळाच आहे.

त्या डोळ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा फॉन्ट आहे तरी का? महाराष्ट्रातल्या जुन्या पाट्यांचा मोठा भाग पेंटरच्या हातचा आहे. सुताने दोन रेघा मारायच्या, खडूने शब्द बसवायचा, मग सपाट ब्रशने एनॅमल रंगात अक्षर ओढायचं. अशा अक्षराला फॉन्टचं नाव नसतं, पेंटरचं असतं, आणि ते बऱ्याचदा पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेलं सापडतं. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडग्यांची शीर्षकं घ्या. प्रत्येक नाव त्या नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे वेगळं घडवलेलं. त्या ढंगाचा फॉन्ट शोधत बसणं म्हणजे नसलेल्या गोष्टीमागे दिवस घालवणं. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींवरची गिलाव्यातली नावंही तशीच. ती त्या दर्शनी भिंतीच्या मापाने काढलेली अक्षरं आहेत.

हे ओळखायची एक साधी कसोटी आहे आणि ती क्वचितच चुकते. पाटीवर दोनदा आलेलं अक्षर शोधायचं. ‘परांजपे’मधले दोन ‘प’ किंवा ‘रघुवीर’मधले दोन ‘र’. दोन्ही कापून संगणकात एकावर एक ठेवायचे. तंतोतंत बसले तर फॉन्ट किंवा स्टेन्सिल. जरा जरी हलले तर हात. दुसरी खूण शब्दाच्या शेवटाकडे असते. पेंटर जागेप्रमाणे अक्षर आवळतो किंवा सैल सोडतो, त्यामुळे शेवटची दोन अक्षरं पहिल्या दोनांपेक्षा अरुंद असतील तर तिथे ब्रश फिरलेला असतो. फॉन्टला जागेची अशी जाण नसते. तो अरुंद होतो तेव्हा सगळाच होतो.

हातच्या अक्षरांनाही आता फॉन्टमध्ये जागा मिळू लागली आहे, ही फार चांगली गोष्ट. मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांच्या वळणावरून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ हा फॉन्ट केला. त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, आणि तो मोफत वापरता येतो. दिल्लीचे हनीफ कुरेशी यांनी देशभरच्या पेंटरांची अक्षरं डिजिटल रूपात जपण्याचं काम हाती घेतलं. जुन्या स्टेशनच्या पाटीसारखं अक्षर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आता निदान जवळचं काही दाखवता येतं.

फाइल बोलते, फोटो गप्प राहतो

अक्षर फॉन्टचंच आहे असं ठरलं, तर पुढची विचारपूस फोटोकडे नाही, फाइलकडे करायची. जुन्या पाटीची कोरलड्रॉची फाइल कुणाकडे आहे का, हे मालकाला, त्याच्या मुलाला, जुन्या डीटीपीवाल्याला विचारायचं. लेटरहेड, बिलबुक, लग्नपत्रिकेतली जाहिरात, काहीही चालतं.

इथे मराठीचा एक जुना त्रास आपल्या कामी येतो. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून आहे. तरी आपल्याकडच्या छपाईचा व्यवहार पुढे कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती आणि सीडॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींवर चालला. त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. म्हणून जुनी फाइल नव्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेश’च्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. लोक वैतागून फाइल बंद करतात. ती बंद करू नये. उघडतानाच कोरलड्रॉ सांगतो की अमुक नावाचा फॉन्ट सापडत नाही, आणि तेच नाव आपल्याला हवं असतं. श्रीलिपीत ते बहुधा क्रमांकाचं असतं, सीडॅकच्या फॉन्टमध्ये योगेश, सुरेख अशी नावं भेटतात. रांगेतली अक्षरं वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, कारण हे नाव कुठल्याही फोटोपेक्षा पक्का पुरावा आहे. पीडीएफ असेल तर तिच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी असते, तीही पाहावी.

अडचण येते ती धंद्याच्याच एका सवयीमुळे. छपाईला पाठवताना ‘कर्व्ह करून पाठवा’ असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. कर्व्ह केलेली अक्षरं दुसऱ्या संगणकावर बिघडत नाहीत. पण कर्व्ह केल्यावर अक्षराचं फक्त चित्र उरतं, नाव पुसलं जातं. मूळ फाइल वेगळी ठेवायची पद्धत फारच थोड्या दुकानांत आहे. पंधरा वर्षांनी दुरुस्तीला आलेल्या पाटीचा फॉन्ट सापडत नाही, त्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

रोमन बाजूलाही आपल्याकडची एक खास गुंतागुंत आहे. साइनबोर्डवाल्यांचं सगळं काम कोरलड्रॉवर, आणि कोरलड्रॉसोबत बिटस्ट्रीम कंपनीचे फॉन्ट येत. त्या कंपनीने प्रसिद्ध फॉन्टच्या धर्तीवरची अक्षरं वेगळ्या नावांनी दिलेली आहेत. हेल्व्हेटिकाच्या जागी ‘स्विस ७२१’, टाइम्सच्या जागी ‘डच ८०१’, गिल सॅन्सच्या जागी ‘ह्युमनिस्ट ५२१’, युनिव्हर्सच्या जागी ‘झुरिक’. ओळखणाऱ्या साधनाने हेल्व्हेटिका असं सांगितलं, तरी आपल्या गल्लीतली ती पाटी बहुधा स्विस ७२१ची असते. छोट्या पाटीत कळत नाही, पण दोन फुटी अक्षराशेजारी दुसरं दोन फुटी अक्षर उभं केलं की वळणातला बारीक फरकही उठून दिसतो.

हेल्व्हेटिका आणि एरियल यांतला घोळ तर रोजचा. हेल्व्हेटिका १९५७ची, स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीतली. एरियल १९८२ची, मोनोटाइपची, आणि तिच्या अक्षरांच्या रुंद्या मुद्दाम हेल्व्हेटिकाइतक्या ठेवलेल्या. म्हणून शब्दाची लांबी मोजून काहीच कळत नाही. रेघ जिथे संपते तिथे पाहायचं. सी, एस, ई या अक्षरांची टोकं हेल्व्हेटिकात सरळ आडवी कापलेली असतात, एरियलमध्ये तिरकी. छोट्या टीचा माथा एरियलमध्ये तिरपा असतो. मोठ्या आरचा पाय हेल्व्हेटिकात जवळजवळ उभा खाली येतो, एरियलमध्ये तिरका पसरतो. ही तीन ठिकाणं पाहिली की निकाल लागतो.

देवनागरीत कुठे बघायचं

मराठी अक्षराच्या बाबतीत ‘कुठे बघायचं’ याची यादी वेगळी आहे. सगळी अक्षरं सारखी बोलकी नसतात. ‘प’, ‘त’, ‘व’ बहुतेक फॉन्टमध्ये जवळजवळ सारखेच दिसतात. ‘अ’, ‘झ’, ‘ण’, ‘ख’, ‘क्ष’, ‘ह’, ‘ल’, ‘श’ आणि अंकांतले ५, ८, ९ ही अक्षरं फॉन्टचं घराणं सांगतात. ‘ल’ची पाकळी कशी आहे, ‘श’चं देठ कसं आहे, ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले आहेत की सुटे, ‘ह’ची शेपटी किती लांब गेली आहे, हे पाहायचं. जोडाक्षरं तर सरळ वयच सांगतात. ‘द्ध’, ‘क्क’, ‘ट्ट’ उभे एकाखाली एक आहेत, शेजारी शेजारी आहेत, की हलन्त देऊन सोडले आहेत, यावरून ती पाटी कोणत्या काळातल्या आणि कोणत्या यंत्राच्या सोयीने झाली याचा बराच अंदाज येतो. या अभ्यासाला आपल्याकडे भक्कम आधार आहे. बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने काढला. निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी धातूत घडवलेल्या अक्षरांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला आजच्या पाटीवरचं वळण लवकर उमगतं.

‘ल’ आणि ‘श’बद्दल थोडं थांबायला हवं, कारण मराठी पाटीवर सर्वांत जास्त चूक तिथे होते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने २००९मध्ये व पुन्हा २०२२मध्ये वर्णमालेचे निर्णय काढताना त्यांच्या रूपाची दखल घेतली. कित्येक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली आणि सॉफ्टवेअरने ती मानली तर मराठी वळण येतं, नाहीतर हिंदी येतं. पुष्कळ पाट्यांवर आज हिंदी वळणाचा ‘ल’ दिसतो, तो कुणी निवडलेला नसतो. भाषेची खूण बदलायची राहून गेलेली असते, एवढंच. टायरो टाइपवर्क्सने तर ‘टायरो देवनागरी’ हा फॉन्ट मराठी, हिंदी आणि संस्कृत असा तीन वेगळ्या रूपांत दिला आहे. म्हणून जुन्या पाटीवर ‘ल’ मराठी आणि नव्या तुकड्यावर हिंदी दिसला, तर फॉन्ट चुकलाच असं लगेच धरू नये. आधी भाषा तपासावी.

तसंच ‘ॲ’चं. ‘ॲड.’, ‘ॲक्वा’, ‘ॲक्सेसरीज’ यांच्याशिवाय आजची बाजारपेठ चालत नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, आणि ‘अ’वर चंद्र देऊन बनवायला गेलं तर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. ते वर्तुळ तसंच कापून लावलेल्या पाट्या मी पाहिल्या आहेत. ‘सातारा’चं ‘साताऱ्याचे’ होताना येणारा आडवा ‘र’ हीसुद्धा परीक्षाच. कंदी पेढ्यांच्या दुकानाची पाटी करताना निवडलेल्या फॉन्टमध्ये तो नीट आहे ना, हे पहिल्यांदा बघावं.

नाव सापडो वा न सापडो, मापं घ्यावीच लागतात. फोटो समोरून, पाटीच्या उंचीवर जाऊन काढावा. ते जमत नसेल तर लांब उभं राहून झूम करावं, म्हणजे अक्षरं वरच्या बाजूला निमुळती होत नाहीत. पाटीला लागून मोजपट्टी धरली असेल तर पुढचं सगळं सोपं. मग शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची शंभर धरायची आणि त्या हिशेबात कान्याची जाडी, शिरोरेषेची जाडी आणि ‘म’ची रुंदी काढायची. चौथी गोष्ट म्हणजे रेघेच्या टोकाचा कोन. एवढ्या चार मापांवर दहातले आठ उमेदवार बाद होतात. अक्षर हातात घेता येत असेल तर त्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने काढलेला ठसा कुठल्याही फोटोपेक्षा चांगला.

आता फॉन्ट नाही सापडला तर? तेव्हा आहे त्या अक्षरांतून हवी ती अक्षरं घडवायची. हे काम मला सगळ्यात आवडतं, कारण देवनागरीची रचना इथे उघडी होते. समजा, पाटी आहे ‘पाटील वस्त्र भांडार’ आणि तिला ‘आणि सन्स’ जोडायचं आहे. ‘स्त्र’मध्ये अर्धा ‘स’ आहेच. त्याला ‘प’चा उभा काना जोडला की पूर्ण ‘स’ मिळतो. ‘न’ची गाठ आणि आडवी भुजा ‘भ’च्या खालच्या अंगातून घेता येते. ‘ण’ची डावी वाटी ‘प’च्या वाटीवरून काढता येते, दोन कान्यांतलं अंतर मात्र डोळ्याने ठरवावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी हवी म्हणून दीर्घ वेलांटी आरशात उलटी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. बोरूच्या वळणाच्या अक्षरात वेलांटीचा जाड भाग एका ठराविक बाजूला असतो, उलटी केली की जाडी चुकीच्या जागी जाते आणि अक्षर डोळ्यात खुपतं. वेलांटी नव्याने काढायची, ‘भां’च्या वळणाची जाडी समोर ठेवून. उरला ‘आ’. त्याच्या डाव्या भागाशी नातं सांगणारं अक्षर या पाटीत नाही, म्हणून तेवढा भाग सर्वस्वी नव्याने काढावा लागतो. फॉन्ट घडवणारेही अक्षरांची अशीच कुटुंबं पाडून काम करतात: ‘व’, ‘ब’, ‘क’ एका बाजूला, ‘प’, ‘ष’, ‘फ’ दुसऱ्या, ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’ तिसऱ्या. पाटीवाल्याला हे नातं कळलं की तो फॉन्टचा मिंधा राहत नाही.

दोन लिपी शेजारी शेजारी

रोमन नावाला मराठी नाव जुळवताना फॉन्टच्या नावावर भिस्त ठेवणं आणखीच धोक्याचं. कारण दोन लिपींच्या लेखणीची कापणी वेगळी. रोमन अक्षरात रुंद टाकाच्या लेखणीने जी तिरकी रेघ जाड येते, ती देवनागरीच्या बोरूने बारीक येते, आणि उलट. म्हणून रोमन अक्षरातली जाडी-बारीकी तशीच मराठीत आणली की ‘म’ आणि ‘स’ कुणीतरी परक्या माणसाने लिहिल्यासारखे दिसतात. जुळवायचं असतं ते वजन, रेघेच्या टोकाचा स्वभाव, पोकळीचं प्रमाण. सेरिफ रोमनमध्ये आहेत म्हणून कान्यांना पाय फोडले, तर मराठी अक्षराचं नुसतं विडंबन होतं.

एकसारख्या जाडीच्या अक्षरांत काम सोपं होतं, आणि तिथे आज चांगले पर्याय आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘पॉपिन्स’ आणि ‘हिंद’मध्ये देवनागरी आणि रोमन सोबतच घडवलेले आहेत. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’ आणि ‘बालू’मध्येही तसंच, शिवाय इतर भारतीय लिपीही. गोलसर, भरीव रोमन नाव असेल तर ‘बालू’ किंवा ‘मोदक’ पाहावेत. हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, पाटीवर वापरायला पैसे लागत नाहीत. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला ‘मंगल’ विंडोज २०००पासून घराघरात पोहोचला आणि मराठी संगणकावर रुळायला त्याची फार मोठी मदत झाली. पण तो पडद्यावर लहान अक्षरांत वाचण्यासाठी केलेला आहे. त्याला चार फुटी पाटीवर ताणून लावणं हा त्या फॉन्टवरही अन्याय आणि पाटीवरही.

आकाराचा मुद्दा कायद्याशी जोडलेला आहे म्हणून स्पष्ट सांगायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ओळींना एकच आकडा दिला म्हणजे दोन्ही अक्षरं सारखी झाली असं होत नाही. देवनागरीला वर मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे कित्येक फॉन्टमध्ये त्याच आकड्याला मूळ अक्षर लहान दिसतं. मोजायचं ते पाटीवर, पट्टीने. शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची रोमन कॅपिटल अक्षराच्या उंचीइतकी तरी असावी, मात्रा त्याच्या वर. दहा फुटांमागे एक इंच हा वाचनाच्या अंतराचा धंद्यातला जुना हिशेब देवनागरीत याच उंचीला लावावा, एकूण उंचीला नाही.

सामानाचंही ऐकावं लागतं. तीन मिलिमीटरच्या बिटने राउटरवर कापलं तर आतल्या कोपऱ्याला दीड मिलिमीटरची गोलाई येणारच, मग संगणकात कोपरा कितीही टोकदार असो. लहान अक्षरात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ त्यामुळे भरून जातात, तिथे लेझर बरा. आतून दिवे असलेली ॲक्रिलिक अक्षरं रात्री जाड दिसतात आणि शिरोरेषा व मात्रा यांच्यातली फट मिटते, म्हणून दिवसा थोडी सडपातळ वाटणारी जाडी निवडावी. पत्र्याच्या किंवा ॲक्रिलिकच्या अक्षरांत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो. त्याने अक्षरांतलं अंतर कायमचं पक्कं राहतं आणि पाटी मजबूत होते. सुटा राहतो तो अनुस्वार. एकाच स्क्रूवर किंवा चिकटपट्टीवर लावलेला हा ठिपका पहिल्या दोन पावसाळ्यांत जातो, आणि ‘चिंतामणी’चं ‘चितामणी’ होतं. अनुस्वाराला मागून दोन खुंट्या द्याव्यात.

परवान्याबद्दलही बोललं पाहिजे. जुन्या व्यावसायिक फॉन्टच्या चोरलेल्या प्रती आपल्याकडे इतक्या फिरल्या की कितींची तरी नावंही बदललेली आहेत, आणि ओळखण्याचं काम त्यानेच अधिक अवघड झालं. एकच अक्षर तीन नावांनी तीन संगणकांत असतं. ज्यांनी वर्षानुवर्षं राबून ही अक्षरं घडवली त्यांना त्यातून काही मिळालं नाही, हे त्याहून वाईट. आज चांगले खुले फॉन्ट असताना चोरीची गरज उरलेली नाही. एखाद्या गिऱ्हाइकाला जुनाच व्यावसायिक फॉन्ट हवा असेल तर तो विकत घ्यावा आणि त्याची किंमत बिलात स्वतंत्र लिहावी. समजावून सांगितलं तर लोक देतात.

आणि ज्या पाट्या आज बनत आहेत, त्यांच्याबाबतीत हा सगळा शोध टाळता येण्यासारखा आहे. कर्व्ह केलेल्या फाइलसोबत मजकुराची मूळ फाइल ठेवावी. बिलावर फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, कान्याची जाडी, अक्षराची उंची, रंगाचा क्रमांक लिहावा. तोच मजकूर पाटीच्या मागच्या पत्र्यावर पर्मनंट मार्करने लिहून वर पारदर्शक विनाइल चिकटवावं. हाताने काढलेलं अक्षर असेल तर काढणाऱ्याचं नावही तिथे असावं, जसं पेंटर कोपऱ्यात लिहीत आले. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढे ज्याच्याकडे ती पाटी दुरुस्तीला जाईल त्याला फोटोवरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही.